परदेशात घरभाडं कसं भरायचं आणि जाताना रोख किती न्यायची: मुंबईतून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्ट आला की दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, कुठल्याही बिल्डिंगमध्ये एखादं तरी घर असतंच जिथून मुलगा नाहीतर मुलगी शिकायला बाहेर चाललीय आणि घरात दोनच विषय चालू आहेत, तिकडे भाडं कसं द्यायचं आणि सोबत पैसे किती द्यायचे. हे दोन विषय वेगवेगळे नाहीयेत. भाडं आणि डिपॉझिट बँकेतून जायची सोय आधी झाली असेल तर रोख फार लागतच नाही, पंधरा दिवसांचं खाणंपिणं, बस-ट्रेन, सिमकार्ड, बस. ती सोय न करता निघालं की मग भीतीपोटी आईवडील नोटा भरत बसतात, थोड्या पर्समध्ये, थोड्या सुटकेसच्या अस्तरात, थोड्या मोज्यात, आणि खरी भानगड तिथून सुरू होते. म्हणून आधी भाड्याचं बघू, मग नोटांचं, पण त्याच्याही आधी एक गोंधळ सोडवून टाकते कारण तो जवळपास प्रत्येक घरात असतो.

आधी दोन आकडे वेगळे करा

"दहा हजार डॉलरपर्यंत चालतं, कोणी विचारत नाही" हे तुम्हाला मामा, शेजारी, ट्रॅव्हल एजंट कोणीतरी सांगणारच. तो आकडा अमेरिकेत उतरतानाचा आहे. तिथे १०,००० डॉलरच्या वर रक्कम जवळ असेल तर कस्टम्सला लिहून द्यावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईतून निघताना लागतो तो रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि त्यात परदेशी चलनाच्या नोटा एका माणसाला एका प्रवासाला ३,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे युरो, पौंड, जे असेल ते, एवढ्याच नेता येतात. इराक आणि लिबियाला ५,००० आहे, इराण आणि रशियासारख्या काही देशांना आणि हज-उमराला जास्त सूट आहे, पण जर्मनी, इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबई, सगळीकडे ३,०००च. म्हणजे ९,००० डॉलरच्या नोटा घेऊन सहारला गेलात तर अमेरिकेचा नियम मोडला नाही पण आपला मोडला, आणि अमेरिका यायच्या आधी आपलेच कस्टम्सवाले भेटतात.

ही मर्यादा फक्त नोटांवर आहे हे नीट लक्षात घ्या. फॉरेक्स कार्ड (म्हणजे परदेशी चलन आधी भरून ठेवलेलं कार्ड), ड्राफ्ट, बँक ट्रान्सफर मिळून माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्या स्कीमला एलआरएस म्हणतात, २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती फक्त २५,००० डॉलरची होती. आपले रुपये मात्र सोबत २५,००० च्या वर नेऊ नका, आणि तिकडे रुपयांना कोणी विचारतही नाही, परत येताना रिक्षा-टॅक्सीपुरते ठेवा.

आता घर. पैसे पाठवायच्या आधी काय बघायचं

मुंबईत आपल्याला ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, मालक सांगेल तेवढं डिपॉझिट आणि वर ब्रोकरची दलाली याची इतकी सवय झालेली असते की तिकडे कोणी सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं तरी आपल्याला काही वावगं वाटत नाही. पण तिकडे बऱ्याच ठिकाणी डिपॉझिट किती घ्यायचं हे कायद्यानेच ठरलेलं आहे, आणि तो आकडा माहीत असणं हेच फसवणुकीपासूनचं पहिलं संरक्षण, म्हणून देशवार थोडं सविस्तर सांगते.

जर्मनी. तिथे भाड्याचे दोन आकडे असतात, काल्टमीटे म्हणजे नुसत्या घराचं आणि वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, बिल्डिंगचा खर्च धरून. डिपॉझिट, ज्याला ते काउत्सिओन म्हणतात, ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे, पहिला हप्ता राहायला गेल्यावर. मालकाने ते पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवायचे असतात. तेव्हा घर न दाखवताच कोणी म्हणालं की तीन महिन्यांचं सगळं आजच्या आज टाका नाहीतर दुसऱ्याला देतो, तर तिथेच सावध व्हा. आणखी एक, जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरलेत म्हणून डिपॉझिट त्यातून जाईल असं धरून चालू नका, त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात आणि पहिला महिना तर तिकडचं साधं खातं उघडेपर्यंत तेही हातात येत नाहीत. डिपॉझिट आणि पहिलं भाडं याची सोय त्या रकमेच्या वेगळी हवी. बऱ्याच घरांचं गणित इथेच चुकतं.

इंग्लंड. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याच्या वर घेता येत नाही, घर राखून ठेवायला घेतात ती रक्कम एका आठवड्याच्या भाड्याच्या वर नाही, हे २०१९ च्या कायद्यापासून आहे. डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत मालकाने ते सरकारमान्य डिपॉझिट योजनेत नोंदवायचं आणि तुम्हाला त्याची माहिती द्यायची. ती माहिती मागून घ्या, लाजू नका. आपल्या मुलांना तिथे जामीनदार नसतो म्हणून पूर्वी सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे आणि मग एवढी मोठी रक्कम एकदम कशी पाठवायची हा प्रश्न यायचा, पण नव्या कायद्याप्रमाणे १ मे २०२६ पासून खासगी मालकाला एका महिन्याच्या वर आगाऊ भाडं मागता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या मोठ्या हॉस्टेल-इमारतींना मात्र हा नियम तसाच लागू होईल असं नाही, तिथे टर्मप्रमाणे हप्ते असतात, त्यांचा पेमेंटचा तक्ता आधी मागवा.

कॅनडात प्रत्येक प्रांताचं वेगळं. ऑन्टारिओमध्ये, म्हणजे टोरांटो, ब्रॅम्प्टन, वॉटर्लू जिथे आपली बहुतेक मुलं जातात, तिथे मोडतोडीसाठी म्हणून डिपॉझिट घेणं चालतच नाही, फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं. ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याचं. नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ पासून दोन महिन्यांच्या मूळ भाड्याची मर्यादा आहे, न्यूयॉर्क राज्यात एक महिना, आणि ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत ते बाँड मालकाकडे राहतच नाही, सरकारी संस्थेकडे जमा होतं.

दुबईचं सगळं वेगळं आहे. तिथे अजून चेक चालतात, वर्षाचं भाडं एका, दोन, चार नाहीतर बारा पुढच्या तारखांच्या चेकने द्यायचं, जितके कमी चेक तितका मालक खूश. डिपॉझिट साधारण वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, फर्निचरसकट घर असेल तर १० टक्के. अ‍ॅग्रीमेंट इजारी या दुबई सरकारच्या भाडेकरार नोंदणीत रजिस्टर झालं पाहिजे, त्याशिवाय वीज-पाणी कनेक्शन घ्यायला अडचण येते. चेक लागतात म्हणजे तिकडचं बँक खातं लागतं आणि ते लगेच मिळत नाही, म्हणून पहिला महिना दोन महिने बेडस्पेस (खोलीतली एक खाट) किंवा महिन्याच्या भाड्याची खोली घेऊन राहणं शहाणपणाचं, आल्या आल्या वर्षाच्या घराच्या मागे लागून कॅशने सगळं उरकायचा मोह टाळा.

पैसे पाठवण्यापूर्वी घरमालकाकडून सही झालेलं अ‍ॅग्रीमेंट, खात्यावर आहे तसं पूर्ण नाव, आयबॅन (खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर) किंवा अकाउंट नंबर, बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड) आणि घराचा पूर्ण पत्ता, एवढं लेखी घ्या. अ‍ॅग्रीमेंटवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच असलं पाहिजे. "माझं खातं बंद आहे, भावाच्या खात्यावर टाका", "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो", भाडं त्या एरियाच्या मानाने अर्धं, फोटो अगदी हॉटेलसारखे, यातलं एक जरी दिसलं तरी पैसे पाठवू नका. त्या शहरात महाराष्ट्र मंडळ असतं, कॉलेजचे सीनियर असतात, कोणालातरी विनंती करून घर बघून यायला सांगा, माणसं मदत करतात. आणि कोणीच बघायला नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे कॉलेजच्या हॉलमध्ये म्हणजे वसतिगृहात किंवा बाहेरच्या होस्टेलमध्ये राहायची तयारी ठेवून घर तिथे जाऊनच घ्या, थोडा खर्च वाढतो पण तीन महिन्यांचं डिपॉझिट बुडण्यापेक्षा तो कितीतरी कमी आहे. काउंटरवर जाऊन कोणाच्यातरी नावाने पैसे पाठवायचे आणि त्याने नंबर सांगून रोख उचलायचे, असं घरमालक सुचवत असेल तर तो घरमालक नाहीच असं समजा, आपल्याकडे त्या प्रकारची एमटीएसएस नावाची जी स्कीम आहे ती फक्त भारतात पैसे येण्यासाठी आहे. क्रिप्टो मागितलं तर बोलणंच थांबवा.

बँकेतून पैसे पाठवणं

सगळ्या शाखांत फॉरेक्सचं काम होत नाही. मुंबईत असून फोर्ट किंवा बीकेसीला धावायची गरज नाही, पण तुमच्या शाखेला फोन करून विचारा की परदेशी रेमिटन्स इथे होतं का आणि किती वाजेपर्यंत कागद घेतात, कारण दुपारनंतर दिलेलं काम दुसऱ्या दिवसावर जातं. सहकारी बँकेत खातं असेल तर काहींकडे परवाना आहे काहींकडे नाही, हे दोन महिने आधी विचारा. नवीन खात्यातून पाठवायला गेलात तर अडचण येते, खातं वर्षभर जुनं असावं अशी अपेक्षा असते, नसेल तर आधीच्या बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट मागतात.

कागद म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, अ‍ॅडमिशन लेटर, पाठवणाऱ्याचं पॅन, घराचं अ‍ॅग्रीमेंट किंवा हॉलचं बिल, आणि ए२ नावाचा फॉर्म. फॉर्मवर पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड, असतो, तो बँकवाला घाईत काहीतरी टाकतो, तुम्ही बघून घ्या. शिक्षणासाठी, हॉस्टेलच्या खर्चासकट, एस०३०५. घरच्या माणसाच्या उदरनिर्वाहासाठी पाठवताय तर एस१३०१. हे बघायचं कारण टॅक्स. वर्षाला एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो टॅक्स, कापत नाहीत, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे, आधी ७ लाख होती. त्याच्या वरच्या रकमेवर २०२५-२६ मध्ये शिक्षणाला ५ टक्के आणि इतर कारणांना २० टक्के असा दर होता, बजेटमध्ये हे दर बदलतात म्हणून ज्या वर्षी पाठवताय त्या वर्षीचा दर बँकेकडून लेखी घ्या. फरक केवढा पडतो बघा, कोड चुकला की शिक्षणाचे पैसे इतर खर्चात गेले. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून फी-खर्च जात असेल तर टीसीएस लागत नाही, पण ते लोन बँकेचं किंवा सरकारने मान्य केलेल्या वित्तसंस्थेचं हवं, पतपेढीचं किंवा काकांकडून घेतलेलं चालत नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही, २६एएस या इन्कम टॅक्सच्या पत्रकात दिसतो, रिटर्न भरताना इन्कम टॅक्समधून वळता होतो किंवा रिफंड येतो. आई आणि बाबा दोघांचं पॅन असेल आणि दोघांच्या खात्यात स्वतःचे पैसे असतील तर दोघांची १० लाखांची मर्यादा वेगळी धरतात.

पैसे थेट घरमालकाला पाठवायचे की मुलीच्या तिकडच्या खात्यात? कॉलेजचा हॉल असेल तर थेट हॉलला, बिल नंबर टाकून. खासगी मालक असेल आणि थांबणं शक्य असेल तर माझं स्पष्ट मत, मुलीच्या खात्यात पाठवा आणि तिने तिथून मालकाला द्यावं. एकतर बँक प्रश्न कमी विचारते, दुसरं म्हणजे अ‍ॅग्रीमेंटवर तिचं नाव आणि पैसेही तिच्या नावाने गेलेले, आणि तिसरं डिपॉझिट परत येताना बरेचदा ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात येतं, ते ठाण्याला बाबांच्या खात्यात आलं की दोनदा रूपांतर, दोनदा चार्जेस, आणि मुलीला नव्या घराचं डिपॉझिट भरायला तेव्हाच पैसे हवे असतात. पहिलं भाडं निघायच्या आधीच द्यायची वेळ आली तर मग थेट मालकाला, इलाज नाही, पण त्याची स्विफ्टची कॉपी, म्हणजे पैसे गेल्याचा पुरावा, बँकेतून मागून घ्या आणि मुलीच्या मेलवर ठेवा.

चार्जेसचं एक सांगते ज्यावरून नेहमी वाद होतात. स्विफ्टने पैसे जाताना मधल्या बँका आपले पैसे कापून घेतात. तुम्ही ९०० युरो पाठवले आणि मालकाला ८८० मिळाले, तो म्हणतो भाडं अपुरं. फॉर्मवर चार्जेस कोणी द्यायचे हे निवडता येतं, तिथे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे असा पर्याय घ्या, थोडे जास्त लागतात पण तिकडे पूर्ण रक्कम पोचते. शिवाय रेट विचारताना गुगलवरचा रेट आणि बँकेचा रेट यातला फरक विचारा, फी शून्य म्हणणारे तिथेच कमावतात. रूपांतरावर जीएसटी लागतो पण तो पूर्ण रकमेवर १८ टक्के नसतो, लाखाच्या आत असेल तर रकमेच्या १ टक्का धरून त्यावर १८, म्हणजे ५०,००० रुपयांवर ९० रुपये, घाबरू नका. पोचायला दोन ते चार कामाचे दिवस धरा, मधे शनिवार-रविवार आणि तिकडच्या सुट्ट्या आल्या की आणखी, म्हणून १ तारखेचं भाडं २५ ला पाठवायला घ्या.

नोटा किती, कुठून, कशा

माझ्या मते १५ दिवसांचा खर्च नोटांत आणि बाकी सगळं फॉरेक्स कार्डवर. ३,००० ची परवानगी आहे म्हणून ३,००० न्यायलाच हवेत असं काही नाही, ५०० ते ८०० युरो-डॉलर पुष्कळ झाले. कार्ड हरवलं तर दुसरं कार्ड असतं, ब्लॉक करता येतं, नोटांचं पाकीट हरवलं तर काहीच करता येत नाही आणि पहिल्याच आठवड्यात अनोळखी शहरात मुलाची काय अवस्था होते ते ज्यांच्या घरात झालंय त्यांनाच माहीत.

नोटा बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडूनच घ्या, प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून मिळतात, पासपोर्ट-व्हिसा-तिकीट-पॅन दाखवून. ५०,००० रुपये किंवा जास्तीचं चलन घेताना पैसे चेकने, कार्डने किंवा ट्रान्सफरने द्यावे लागतात, रोख घेत नाहीत. दोन-तीन ठिकाणी फोन करून त्याच दिवसाचा रेट विचारा, घासाघीस होते. एअरपोर्टच्या काउंटरसाठी ठेवू नका, तिथला रेट सगळ्यात वाईट. बिल नीट जपून ठेवा, हातातल्या बॅगेत, नोटांसोबतच, कारण नोटा कुठून आल्या हे विचारलं तर उत्तर तेच. गल्लीतला एखादा "बिल नको तर रेट चांगला देतो" म्हणतो, त्याच्याकडून घेतलेल्या नोटांना तुमच्याकडे काहीच पुरावा नसतो आणि खोटी नोट निघाली तर तक्रार कुठे करणार.

घरात कपाटात आत्याने मागे दिलेले पौंड असतील तर ते बघून घ्या. इंग्लंडच्या कागदी नोटा बंद झाल्यात, ५ ची २०१७ मध्ये, १० ची २०१८ मध्ये, २० आणि ५० ची ३० सप्टेंबर २०२२ ला, आता फक्त पॉलिमरच्या चालतात. जुन्या नोटा बँक ऑफ इंग्लंड बदलून देते पण पहिल्या दिवशी दुकानात त्या कोणी घेणार नाही. शंभर डॉलरच्या नोटेऐवजी २०-५० च्या मागा, युरोतही ५० च्या वर नको.

कार्ड ज्या देशात चाललात त्याच चलनात भरा, डॉलरचं कार्ड युरोत वापरलं की वर मार्कअप लागतो. आणि तिकडे मशीनवर "रुपयांत पैसे द्यायचे का" असं विचारतं, नाही म्हणा, तिथलंच चलन निवडा, नाहीतर दुकानाच्या बँकेचा रेट लागतो.

सहार आणि पलीकडचं विमानतळ

नोटा, कार्ड, बिल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. सिक्युरिटीला सीआयएसएफला स्कॅनरवर नोटांची गड्डी दिसते, विचारलं तर शांतपणे बिल दाखवा, ३,००० च्या आत असाल तर काही होत नाही. मर्यादेच्या वर आणि लपवलेलं सापडलं तर कस्टम्स जप्त करू शकतं आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हे सगळं फ्लाइट सुटल्यावर. मुलाच्या बूट-मोज्यात पैसे घालणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते, असं करू नका, तो बावरलेला असतो, विचारल्यावर त्याला उत्तर देता येत नाही आणि पकडला जातो तो, तुम्ही नाही.

दुसऱ्याचं पाकीट घेऊ नका. "एवढं आमच्या पोराला दे गं, त्याच्या भाड्याचे आहेत" असं म्हणत शेजारच्या काकू येतातच, नाती असतात, नाही म्हणणं जड जातं, पण तुमच्या बॅगेतले पैसे हे तुमचे धरले जातात, तुमच्या ३,००० मध्ये मोजले जातात. त्यांना बँकेचा रस्ता समजावून सांगा, हवं तर सोबत बँकेत जा, तीच खरी मदत.

आता पलीकडे. उतरताना जास्त रक्कम असेल तर कळवायची मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी आहे. अमेरिका १०,००० डॉलरच्या वर, युरोपियन युनियन १०,००० युरो किंवा जास्त, इंग्लंड १०,००० पौंड किंवा जास्त, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया त्यांचे १०,००० डॉलर किंवा जास्त, सिंगापूर २०,००० सिंगापूर डॉलरच्या वर, दुबईला ६०,००० दिरहमच्या वर, जपान १० लाख येनच्या वर. एकट्या विद्यार्थ्याला हे लागायचं कारण नाही. पण चौघांचं कुटुंब प्रत्येकी ३,००० घेऊन अमेरिकेला निघालं की १२,००० झाले, आणि एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम अमेरिका एकत्र मोजते, तिथे कळवायलाच हवं. चौघांत वाटून घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. कळवल्यावर टॅक्स लागत नाही, पैसे काढून घेत नाहीत, फॉर्म भरायचा, कुठून आले आणि कशासाठी हे सांगायचं, पुढे जायचं. न कळवता सापडलं तर मात्र सगळी रक्कम अडकू शकते. युरोपात सोन्याची नाणी आणि बिस्किटंही यात मोजतात हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं, आजीने दिलेली नाणी बॅगेत असतात.

तिकडे पोचल्यावर पहिला महिना

पहिलं काम बँक खातं. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं राहत असल्याचं पत्र लागतं, ते पत्र देणार का हे घर ठरवतानाच विचारा, कारण नोंदणीशिवाय पुढची बरीच कामं अडतात. खातं सुरू झालं की भाड्याची स्टँडिंग ऑर्डर लावून टाका, दर महिन्याला आपोआप, आणि संदेशात पत्ता, महिना आणि नाव लिहा.

काही मालक रोखच मागतात, विशेषतः एका घरात पाच-सहा जण राहतात आणि अ‍ॅग्रीमेंट एकाच्याच नावावर असतं तेव्हा. तिथे प्रत्येक वेळी पावती घ्या, तारीख, रक्कम, कुठल्या महिन्याचं, सही. ऑन्टारिओमध्ये मागितली की मालकाला फुकट पावती द्यावीच लागते. ज्याच्या नावावर घर आहे तो मित्र असला तरी त्याला बँकेतूनच द्या, मैत्री टिकते.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला बसले ते. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक मेसेज असतो, "मला इकडे युरो हवेत, कोणाला मुंबईत रुपये हवेत का, चांगला रेट". म्हणजे तुमच्या बाबांनी डोंबिवलीतून कोणाच्यातरी खात्यात रुपये टाकायचे आणि तिकडे तो तुम्हाला युरो देणार, किंवा उलटं. बँकेचे चार्जेस वाचतात, दहा मिनिटांत काम होतं, सगळे करतात, म्हणून मुलांना यात काही गैर वाटत नाही. पण परवाना नसलेल्या माणसाशी परकीय चलनाचा असा व्यवहार फेमामध्ये बसत नाही, हवाला म्हणतात तो हाच, झवेरी बाजारात न जाता मोबाइलवर केला म्हणून वेगळा होत नाही. त्याहून मोठा धोका असा की समोरच्याचे पैसे कुठून आले ते तुम्हाला माहीत नसतं. सायबर फसवणुकीचे रुपये बाबांच्या खात्यात आले तर कुठल्यातरी राज्याच्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठवलं जातं, पेन्शन आणि घरखर्च त्यातच अडकतो, आणि ते सोडवायला साठीतल्या माणसाने चौक्यांचे फेरे घालायचे. तिकडे मुलाच्या खात्यात तसेच पैसे आले तर बँक खातं बंद करते आणि चौकशी लागली की व्हिसाचं टेन्शन. दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी हे करू नका, आणि तुमच्या मुलांशी याबद्दल निघायच्या आधी बोला, कारण ती तुम्हाला विचारणार नाहीत, थेट अकाउंट नंबर पाठवून "बाबा एवढे टाका" म्हणतील.

परत येताना

सुट्टीत किंवा कायमचं परत येताना परदेशी चलन कितीही आणता येतं, पण नोटा ५,००० डॉलरच्या वर किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर उतरल्यावर कस्टम्सकडे करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरायचा. तिकडे स्थायिक झालेला भाऊ या मर्यादेच्या वर डॉलर घेऊन आला आणि न वापरता परत न्यायचे असतील तर हा शिक्का मारलेला फॉर्म त्याला जाताना दाखवायला लागतो, त्याशिवाय नेता येत नाहीत. इथे राहणाऱ्याकडे प्रवासातून उरलेलं चलन असेल तर २,००० डॉलरपर्यंत घरात ठेवता येतं, बाकीचं आल्यापासून १८० दिवसांत बँकेत नाहीतर मनी चेंजरला द्यायचं.

घर सोडताना नोटीस किती आधी द्यायची ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये बघा, राहायला गेलात त्या दिवशी काढलेले भिंती-फरशी-ओट्याचे फोटो मालकाला मेल करा, चावी दिल्याची लेखी पोच घ्या, आणि डिपॉझिट पूर्ण जमा होईपर्यंत तिकडचं बँक खातं बंद करू नका, जर्मनीत हीटिंगचा वर्षाचा हिशोब व्हायचा असेल तर त्यातली काही रक्कम मालक महिनोन्‌महिने धरून ठेवू शकतो.